खालचा दोरा वर येत नाही

६ नोव्हेंबर

सुईबाई,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. दादाचं पत्र, म्हणजे पहिली दोन पानं आभाळ आणि ढग. तर आज आभाळ नाही. आज लोखंड आहे.

आईचं मशीन सापडलं.

थांब, पत्र बाजूला टाकू नकोस. आमच्या गल्लीच्या टोकाला शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, आठवतं? तो गाशा गुंडाळून गेला त्यालाही जमाना झाला. त्याच्या मागच्या आवाराची भिंत परवा पाडली. एक ठेकेदार तिथे गोदाम बांधणार आहे. मी सकाळी फिरून परत येत होतो, तर विटांच्या ढिगामागे, अगदी उघड्यावर, झाडाच्या बुंध्याशी काहीतरी काळं, वाकलेलं दिसलं. क्षणभर वाटलं, कुणी बाई पाठमोरी बसून शिवतेय. जवळ गेलो तर मशीन! चाकाच्या आऱ्यांतून एक वेल आत शिरून पलीकडून बाहेर पडलेली, अंगभर गंज, हँडल तुटलेलं. पण मानेचा तो बाक! शाळेत कविता पाठ करताना एखादी ओळ विसरावी आणि कुणीतरी मागून पहिला शब्द कुजबुजावा, तसं झालं बघ. पुढचं सगळं आपोआप आठवत गेलं.

एकच गोष्ट सापडत नाही. आईच्या मशीनवर सोनेरी होडी रंगवलेली होती ना? मी खाली जमिनीवर बसून अभ्यास करायचो आणि वरून आई म्हणायची, "होडी अडकली गं बाई!" नाहीतर, "थांबा जरा, होडी रिकामी झाली." मी ती होडी शोधतोय. अजून दिसली नाही. गंजाखाली असेल.

तुला याचा अर्थ कळतोय ना? तुझी वहिनी खरं सांगत होती. तिने मशीन दुरुस्तीलाच दिलं होतं. भंगारात घातलं नव्हतं. ती गेली, पण तिच्यामागे तू अजून तेच धरून बसली आहेस आणि आमचा उंबरा ओलांडत नाहीस.

अडचण अशी की ठेकेदार मशीन देत नाही. म्हणतो, "आवारातलं सगळं जागेच्या मालकाचं. तुमचंच कशावरून, आजोबा?" आता कशावरून म्हणून सांगू? तू मुलींच्या शाळेत जन्मभर शिवण शिकवलंस. हे कुठल्या सालचं, कुठल्या बनावटीचं, एवढं तू ओळखून दिलंस तर मी त्याच्या तोंडावर मारीन. भंगारवाला यायच्या आत व्हायला हवं.

फोन करणार होतो. पण फोनवर तू बोलतेस ते निम्मं मला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते बोचतं.

तुझा,
दादा


१२ नोव्हेंबर

दादा,

पत्र बाजूला टाकलं नाही. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडले.

अरे, त्या दुकानात गावभरची मशीनं यायची. त्यातलं एक मागे राहिलं, म्हणून ते आईचं? मानेचा बाक म्हणे! सगळ्या मशीनांना मान असते आणि सगळ्या माना वाकलेल्याच असतात. वहिनीचं नाव निघावं म्हणून तू कुठलंही लोखंड आईचं करशील, हे मला इथे बसून दिसतंय.

गेलेल्या माणसाबद्दल मला वाईट लिहायचं नाही. पण मी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दिलंय दुरुस्तीला." पुढे जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा मान खाली. दुरुस्तीला दिलेली वस्तू परत येते, दादा. त्या मशीनवर मी पहिली टीप घातली होती. आईच्या हातचं मला काय मिळालं? बटणांचा एक डबा. तोही कपाटावर पडून आहे, उघडवत नाही.

तरी तू विचारलंस म्हणून सांगते. वर्णन नको. मला तीन गोष्टी कळव.

चाकाजवळ, खालच्या पाटावर उजव्या बाजूला नंबर ठोकलेला असतो. आधी एक अक्षर, मग आकडे. तो जसाच्या तसा उतरवून पाठव.

शिवाय एक फोटो. फोटोवाल्याला घेऊन जा, उजेडात उभं राहून काढायला सांग.

तिसरी गोष्ट, होडी शोधणं बंद कर. मशीनवर होडीबिडी काही नव्हती, सोनेरी वेलबुट्टी होती. होडी तुझ्या चौथीच्या पुस्तकातल्या नदीच्या कवितेत असेल.

आपलं मशीन मी जन्मले त्या वर्षी बाबांनी आणलं, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणजे तुझं लोखंड त्याच्या आधीचं निघालं तर पुढे बोलू. नंतरचं निघालं तर हा विषय कायमचा बंद. कबूल?

सुई


२० नोव्हेंबर

सुईबाई,

कबूल. पण माझी काय फरफट झाली ती ऐकून घे.

फोटोवाला आधी यायलाच तयार नव्हता. "काका, लग्नाचे फोटो काढतो मी, भंगाराचे नाही." शेवटी आला. उजेडात उभा राहिला, पण मशीन सावलीत राहिलं. फोटो सोबत पाठवतोय. वरच्या कोपऱ्यात पांढरं दिसतंय तो माझा सदरा. बाकीचा काळा चौकोन म्हणजे मशीन. मी त्याला म्हटलं, "अरे, यात काय दिसतंय?" तर म्हणतो, "तुम्ही छान आलात."

मग रॉकेलची बाटली आणि जुना टूथब्रश घेऊन गेलो. गंज घासत बसलो. गंजाचा रंग कधी नीट पाहिला आहेस? मावळतीला तळ्याच्या पाण्यावर असतो ना, थेट तो. घासताना वाटलं, आपण एखादी संध्याकाळ पुसून टाकतोय. (बरं, बरं. थांबलो.)

ठेकेदार खुर्ची टाकून बघत बसला होता. म्हणाला, "आजोबा, दात घासताय का तिचे?"

मी म्हटलं, "नंबर शोधतोय."

"मिळाला की मला पण सांगा. लॉटरीला लावतो."

हसला आणि तोंड वळवून मजुरांवर ओरडायला लागला. वाईट माणूस नाही, पण कविता त्याच्या वाटेला कधी गेली नसावी. त्याचं आपलं एकच पालुपद. गोदामाचा पाया घेण्याआधी आवार साफ होणार, भंगाराचा ट्रक येणार, मग माझ्याकडे येऊ नका.

नंबर मिळाला. अक्षर आहे ज, त्यापुढे ४ आणि ७ असावेत. पुढचे आकडे गंजाने खाल्ले. पण पहिलं अक्षर मी खात्रीने सांगतो, ज.

आता सांग, आईचंच ना?

दादा


२७ नोव्हेंबर

दादा,

डोकं धरून बसले आहे.

ज म्हणजे काय? जी, जे, की झेड?

अरे, परदेशातून आलेल्या मशीनवर कुणी जहाजातला ज ठोकून ठेवला असेल का? इंग्रजी अक्षर आहे ते! तू जन्मभर मराठी शिकवलंस, मान्य. इंग्रजी अक्षर लिहायला हात विटाळतो, तेही मान्य. पण एक अक्षर, एकच, जसं आहे तसं चितारून पाठवलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी साधं "जसाच्या तसा" लिहिलं होतं. त्यातलाही ज तेवढा तू उचललास वाटतं.

आमच्या शाळेची मशीनं ज्याच्याकडे जायची त्या मेकॅनिकला विचारून आले. तो म्हणतो, आपल्या मशीनच्या कंपनीचं जी असेल तर माझ्या जन्माच्या बरंच आधीचं. जे असेल तर माझ्या लग्नाच्या सुमाराचं. झेड कधी पाहिलं नाही म्हणाला. म्हणजे सगळं त्या एका अक्षरावर अडलंय, आणि ते अक्षर माझ्या भावाने मराठीत लिहून पाठवलंय!

फोटो मिळाला. सदरा धुवायला टाक.

आता नीट वाच. नंबरावर पातळ कागद ठेव आणि वरून पेन्सिल आडवी धरून हळू घास. अक्षर कागदावर उठेल. तो कागद पाठव, तुझं मत पाठवू नकोस.

शिवाय सुईच्या खाली एक सरकणारी पट्टी असते. ती सरकव आणि आत गोल बॉबिनची, म्हणजे आतल्या रिळाची, जागा आहे की आणखी काही, ते बघ. गोल असेल तर मशीन नव्या धाटणीचं, मग नंबराचीही गरज नाही.

आणि रॉकेल पुरे. राहिलेला रंग जाईल.

सुई


५ डिसेंबर

सुईबाई,

कागद सोबत आहे. तूच बघ आणि तूच ठरव, कारण माझी अक्कल संपली.

पेन्सिल घासली. अक्षर उठलं, पण कसं? वरचा अर्धा भाग गंजाने खाल्लाय. खालचा भाग वळलेला आहे, अंकुशासारखा. आता तो जीच्या पोटाचा आहे की जेच्या शेपटीचा, हे कोण सांगणार? मी न्हाव्याला दाखवलं, तो म्हणाला जे. औषधवाल्याला दाखवलं, तो म्हणाला जी, शंकाच नको. पोस्टमन तिथेच उभा होता. त्याने कागद उलटा धरला आणि म्हणाला, "हा सहा आहे." मग तिघं आपसांत भांडायला लागले आणि मी घरी आलो.

मी वर्गात मुलांना सांगायचो, अक्षर म्हणजे ज्याचं क्षरण होत नाही ते. आता ते वाक्य मागे घ्यावं म्हणतो.

पट्टी सरकता सरकेना. हलकं हलकं ठोकत बसलो. एकदाची निघाली. आत गोल जागा नाही आणि बॉबिनही नाही. काहीच नाही. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती अशी एक पोकळी आहे, बोटभर लांब. तिच्या डाव्या काठाला धातूचा एक बारीक कुसळासारखा टोकदार उंचवटा आहे, तो बोटात घुसला. रक्त आलं. त्या रिकाम्या पोकळीकडे बघत बसलो. एखाद्या धक्क्यावरून होडी निघून जावी आणि पाणी तेवढं मागे राहावं, तसं दिसत होतं ते.

मला वाटतं आपण हे सोडून द्यावं. तू म्हणालीस तेच खरं. साल ठरत नाही, नंबर वाचता येत नाही, सोनेरी होडी कुठेही नाही. ठेकेदार आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही. येत्या पंधरवड्यात ट्रक येणार म्हणे.

वाईट एवढ्याचंच वाटतं की तुझ्या वहिनीसाठी मी काहीच करू शकलो नाही. ती फार बोलायची नाही, तुला माहीत आहे. पण तिच्या बोलण्यातून कधी कधी नकळत कविता निघायची. आई गेल्याच्या पुढच्या वर्षी एकदा ती असंच काहीतरी म्हणाली होती, आणि मी त्यावरून लगेच वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या.

खालचा धागा वरि येईना,
अंतरिचे परि मुखि येईना.

पहिल्या ओळीत एक मात्रा जास्त होते. ती मला कधी काढता आली नाही. पण बघ ना, मनाच्या तळातलं दुःख ओठांवर येत नाही, हे तिने किती साध्या शब्दांत सांगितलं होतं. तुझ्या प्रश्नांपुढे ती मान खाली घालायची, ते याच्यामुळे.

दादा


९ डिसेंबर

दादा,

कागदावरून अक्षर मलाही लागत नाही. ते राहू दे.

वहिनी नेमकं काय म्हणाली होती? तुझे शब्द नकोत. तिचे. ती धागा म्हणाली की दोरा? धागा तुझ्या वहीतला शब्द आहे, तिच्या तोंडी मी तो कधी ऐकला नाही. कुठे बसली होती? समोर काय होतं? तिला शिवण येत नव्हतं ना?

कविता पाठवलीस तर उत्तर देणार नाही. परतीच्या टपालाने लिही.

सुई


१३ डिसेंबर

सुईबाई,

किती दरडावतेस! शाळेतल्या मुली तुला घाबरायच्या, त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

डोळे मिटून बसलो, तर दुपार आठवली. मी ओसरीवर निबंध तपासत होतो. विषयही आठवतो, पण तुला नको असेल. आतल्या खोलीत खिडकीशी तुझी वहिनी बसली होती. हो, मशीनपुढेच बसली होती. माझ्या सदऱ्याची कॉलर उसवली होती, तीच घेऊन बसली असावी. तिला शिवण येत नव्हतं. आईचं बघून बघून सुई ओवायला आणि हँडल फिरवायला तेवढी शिकली होती. बराच वेळ चाकाचा आवाज येत होता. मग थांबला. मग पुन्हा आला, पुन्हा थांबला. आणि ती तिथूनच म्हणाली,

"अहो, खालचा दोरा वर येत नाही."

हो, दोराच म्हणाली. धागा मी केला, वृत्तात गोड वाटावा म्हणून.

मी मान वर न करता म्हणालो, "येईल हळूहळू." आणि निबंधाच्या मागे त्या दोन ओळी लिहून टाकल्या.

चाक पुन्हा फिरलं नाही. नंतर केव्हातरी मशीन खिडकीशी नव्हतं. कॉलर तिने हातानेच शिवली.

तू हे का विचारतेस ते सांगशील का? मी इथे चिडून बसलोय. ठेकेदाराने सांगून टाकलं, सोमवारी ट्रक. "पुरावा आणा नाहीतर हात जोडा," म्हणाला. पुरावा कुठून आणू? त्याला काय सांगू, माझी बायको खोटं बोलत नव्हती म्हणून?

दादा


(पार्सलातली चिठ्ठी)

१५ डिसेंबर

दादा,

पोकळीत बसवून बघ. जास्त निमुळतं टोक तुझ्याकडे.

सुई


२१ डिसेंबर

सुई,

पार्सल सोमवारी सकाळीच हातात पडलं. पोस्टमन म्हणाला, "काका, जड आहे. त्या सहा आकड्याचं काही आहे का?" दारातच फोडलं. तुझी चिठ्ठी, कापसाचा पुंजका आणि कापसात ती.

हातात घेतली आणि उभ्या उभ्या हसायला आलं. मग हसू थांबलं. बोटभर लांब, चकचकीत, दोन्ही टोकांना निमुळती, आणि पोटात एक बारीक रीळ, त्यावर अजून काळा दोरा. होडी! जिच्यासाठी मी गंजात चाळीस रंगांची संध्याकाळ खरवडली, ती मशीनच्या पोटात फिरायची. खालचा दोरा वाहून न्यायची. "होडी अडकली", "होडी रिकामी झाली" म्हणजे हीच. आणि मी वाकून वाकून ती वर, सोनेरी रंगात शोधत होतो. मुलांना मी सांगायचो, कवितेतली प्रत्येक वस्तू उपमा असते. आईने साध्या शब्दांत वस्तूचं नाव घेतलं होतं.

चपला उलट्या घालून धावलो. ट्रक उभा होता. मजूर लोखंड उचलून टाकत होते.

ठेकेदार म्हणाला, "आलात? आज शेवटचं हं, आजोबा."

"पुरावा आणलाय."

"कागद दाखवा."

"कागद नाही. होडी आहे."

त्याने मजुराकडे असं बघितलं, की म्हाताऱ्याला सावलीत बसवा. मी लक्ष दिलं नाही. गुडघे टेकले, पट्टी सरकवली, होडी आत घातली. अर्धी गेली आणि अडली. सुई, त्या क्षणी मला मशीनचा, तुझा, माझा, सगळ्यांचा इतका राग आला की ती उचलून भिरकावणार होतो. मग चिठ्ठी आठवली. जास्त निमुळतं टोक माझ्याकडे हवं होतं. मी उलटी घातली होती. फिरवून घातली.

टक्.

अशी बसली, की जणू मधल्या काळात काही झालंच नाही. आणि तिच्या डाव्या कुशीवर, टोकापासून टोकापर्यंत, एक लांब चर आहे. तूही तो पाहिला असशील. ज्या उंचवट्याने माझं बोट फोडलं होतं, तो नेमका त्या चरात बसला. आईने ती होडी इतकी वर्षं चालवली की त्या कुसळाने तिच्या अंगावर वाट पाडली. तसल्या बनावटीच्या दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये होडी बसेल, मानलं. पण हा चर बसणार नाही.

ठेकेदार वाकला. स्वतःच्या हाताने होडी काढली, पुन्हा बसवली. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. मग उठून हात झटकले.

"किल्ली तुमच्याकडे आहे, म्हणजे घर तुमचंच," म्हणाला. आणि मजुरावर ओरडला, "ए, ते ट्रकात नको. आजोबांच्या घरी पोचव. नीट धर, मान नको धरूस तिची."

तर मशीन आता खिडकीशी आहे. त्याच खिडकीशी.

आनंदीआनंद झाला असेल असं समजू नकोस. चाक जागचं हलत नाही. वेल उपटली, तर तिची मुळं आत कुठेतरी राहिली. हँडल नाही. आणि तो ज अजून ज-च आहे. न्हावी आणि औषधवाला एकमेकांशी बोलत नाहीत.

आई गेली तेव्हा वाटणी मीच केली होती, आठवतं? "डबा सुईला, मशीन इथे राहू दे." बटणांच्या त्या डब्यातच होडीही पडली असणार, हे तुला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. तू डबा उघडला नाहीस, ती काय बिघडलंय ते सांगू शकली नाही, आणि दुरुस्तीवाला गावोगाव जुन्या मशीनची होडी शोधत राहिला असेल. "भाग मिळाला की देतो," असं तिला म्हणाला असेल. ती वाट बघत राहिली. तू विचारायचीस तेव्हा तिच्याकडे सांगायला तेवढंच होतं, "दिलंय दुरुस्तीला." पुढचं वाक्य तिला आलंच नाही.

आणि मला तर तिने पूर्ण वाक्य सांगितलं होतं. मी त्याच्या मात्रा मोजत बसलो.

तू चिठ्ठीत त्याबद्दल काही लिहिलं नाहीस. मीही काही विचारत नाही. होडी परत हवी असेल तर लिही, कापसात घालून पाठवतो. पण तिला तिथून काढवत नाही.

दादा


२६ डिसेंबर

दादा,

होडी तिथेच राहू दे. तीच तिची जागा.

चाकाला जोर लावू नकोस, तुटेल. रॉकेलची बाटली उचलून बाहेर ठेव. मशीनचं तेल मिळतं ते आण, सुईच्या दांड्यावर आणि चाकाच्या मध्याशी थेंब थेंब सोड आणि रोज नुसता हात लाव, फिरवायचा प्रयत्न करू नकोस. मुळं मी चिमट्याने काढीन. हँडल आमच्या मेकॅनिककडे जुन्यातलं एक आहे, ते बसेल असं वाटतं. नाही बसलं तर चाकाला हात लावून फिरवू.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस, तू भलत्याच फलाटावर आभाळ बघत उभा राहतोस. घर मला सापडतं.

त्या मेकॅनिकने कागद पुन्हा बघितला. आता तोही म्हणतो सहा असेल. मी कागद फाडून टाकला.

होडीतला काळा दोरा कुजला असणार, नवा आणते. कविता करायची असेल तर मी पोचायच्या आत करून घे.

आणि उसवलेलं काहीतरी शोधून ठेव. वहिनीचं असेल तर तेच.

सुई